थोरलं बेट, धाकटं बेट

लासुर्णे, ता. इंदापूर
६ फेब्रुवारी २०२३

चि. ऋषिराजला आशीर्वाद. जास्त न्हाईत, कामापुरते.

फोन केला की तू तिसऱ्या मिनिटाला "आत्या, मीटिंग आहे" म्हणतोस. पत्राला मीटिंग नसती, म्हणून लिहितीय. सातवी शिकलेल्या बाईचं अक्षर हाय, चष्मा लावून वाच.

गेल्या श्रावणात माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तवापासनं मी जास्त करून खाटंवर. तू पुण्यातनं बघायला आला न्हाईस, ते असू दे. पडून पडून काय करायचं म्हणून नातीनं, श्रेयानं, फोनमधी उपग्रहाचा नकाशा लावून दिला. ढग कुठं, पाऊस कुठं, ते कळायला. आपल्याकडचे ढग दोन दिवसांत बघून झाले. मग मी बोटानं खाली खाली सरकत गेले. आफ्रिकेचं टोक संपतं त्याच्याही खाली, नुसतं पाणी हाय तितं, दोन बेटं सापडली. एक मोठं, एक ल्हान. मी त्यांना थोरलं आन् धाकटं म्हणते. खरी नावं इंग्रजीत हायेत, त्यांची मला गरज पडली न्हाय.

वारं पश्चिमेकडनं येतं. थोरल्यावरनं गेलं की पलीकडच्या ढगात पट्टे उठतात. ढग, मोकळं, ढग, मोकळं, नांगराच्या तासासारखे. अर्ध्या अर्ध्या तासाचे फोटो फिरवून बघितले तर ढग पुढं पळतात, पट्टे मात्र जागचे हलत न्हाईत. पाटात दगड बुडालेला असला की त्याच्या खालच्या अंगाला पाण्यावर वळ्या उठतात. पाणी निघून जातं, वळ्या तितंच. तसंच हे.

माझ्या भावाचा, जोतीरामचा, पोरगा हवामानाचा डॉक्टर हाय असं तो सगळ्या सांगवीला सांगत फिरतो. म्हणून तुला विचारतीय. हे खरंच असं हाय, का माझ्या डोळ्यांचा दोष?

तुझी आत्या,
लीलाबाई


पुणे
२७ फेब्रुवारी २०२३

ती. लीलाआत्यास सा. न.

पत्र मिळालं. हाताने पत्ता लिहिलेलं पाकीट पाहून ऑफिसातल्या लोकांनी कोण गेलं म्हणून चौकशी केली.

तुला दिसलं ते खरं आहे, पण त्यात नवं काहीच नाही. समुद्रात एकट्या उभ्या असलेल्या डोंगरावरून हवा गेली की ती वर ढकलली जाते, मग जड होऊन खाली येते, पुन्हा वर जाते. वर गेली की गार होऊन तिचा ढग बनतो, खाली आली की विरतो. म्हणून पट्टे. त्यांना पर्वतलाटा म्हणतात. आम्ही पहिल्या वर्षाच्या मुलांना हे एका तासात शिकवतो. उपग्रहांनी असे हजारो फोटो काढून ठेवलेत, कुणी उघडूनही पाहत नाही.

तू शोध लागल्यासारखं लिहिलं आहेस म्हणून स्पष्ट सांगतो, वाईट वाटून घेऊ नकोस. गुडघ्याचे व्यायाम वेळेवर कर. डोळ्यांना फोनचा ताण देऊ नकोस. गावात बायकांचं भजनी मंडळ असेलच, तिथे तुझं मन रमेल.

तुझा,
डॉ. ऋषिराज


लासुर्णे
५ मार्च २०२३

चि. डॉ. ऋषिराज,

आत्याला लिहितानाही सहीत डॉक्टर लावलंस ते बरं केलंस. न्हायतर मला वाटलं असतं, माझ्या भावाचा पोरगा लिहितोय.

भजनी मंडळानं माझा आवाज ऐकून मला आधीच नको म्हटलंय.

एका तासात शिकवता ते तू एका कागदात सांगितलंस, चांगलं केलंस. आता पुढचं ऐक आन् ते तुमच्या तासात हाय का बघ. थोरल्यामागचे पट्टे धाकट्यापतोर जातात. काही दिवस धाकटं ओलांडलं की ते दुप्पट ठळक होतात. काही दिवस धाकटं ओलांडलं की मरतात. पलीकडं ढग सपाट, सारवल्यासारखा. असं का, म्हणून मी दोन बेटांच्या मधले पट्टे मोजायला लागले. मधी दोन पुरे बसले, तीन पुरे बसले, की पलीकडं जोरात. अडीच बसले, साडेतीन बसले, की पलीकडं मरतात. वारं वाढलं की पट्टे रुंद होतात, म्हणून कमी बसतात. वारं उतरलं की जास्त.

मला खोटं वाटलं. म्हणून काठी टेकत शेताच्या कडंला पाण्याच्या चारीवर गेले. चाळीस वर्षं पिकाला पाणी पाजताना दारं धरल्यात मी, पाण्याची आन् माझी ओळख तुझ्या डिग्रीपेक्षा जुनी हाय. सपाट दगड बुडवला, वळ्या उठल्या. खालच्या बाजूला दुसरा बुडवला आन् पुढं-मागं सरकवत राहिले. एका जागी वळ्या उसळल्या. तितनं वीतभर सरकवला तर पाणी गप झालं. पहिल्याचा उंचवटा आन् दुसऱ्याचा खळगा एका जागी आला की एकमेकाला खातात. युवराज म्हणाला, "आई, लोकं बघत्यात, घरी चल." म्हणलं, "बघू दे. त्यांनाबी काम न्हाय."

ऑगस्टपासनं रोजची तारीख वहीत लिहिलीय. योगायोग असला तर तसं सांग. पण वाचून सांग.

लीलाबाई


पुणे
२० एप्रिल २०२३

ती. आत्यास सा. न.

हवा म्हणजे चारीचं पाणी नव्हे. ती थराथरांची असते, प्रत्येक थराचं तापमान वेगळं, वारा वेगळा. तुझे पट्टे "मरतात" याचा अर्थ तिथे ढगच संपत असणार, किंवा फोटो जोडताना राहिलेला दोष असणार. मोबाइलच्या काचेवर पट्टे मोजून विज्ञान होत नाही. तसं असतं तर आम्ही इतकी वर्षं कशाला घालवली असती? चार योगायोग दिसले की त्याला नियम म्हणायचं, ही शिकाऊ माणसाची सवय आहे आणि तुझ्या वयात ती जाणंही अवघड.

तरी वही पडून असेल तर पाठवून दे. एखाद्या विद्यार्थ्याला सरावासाठी देईन. तेवढाच तुला आनंद.

ऋषिराज


लासुर्णे
१ मे २०२३

चि. ऋषिराज,

वही रजिस्टर पोस्टानं पाठवतीय. तारीख, मधी किती पट्टे, धाकट्यापलीकडं काय झालं, असे तीन रकाने हायेत. आठ महिने योगायोग रोज उठून कामावर येतो का, ते तुमच्या विद्यार्थ्याला विचार.

आनंदासाठी पाठवत न्हाय. तुझ्याइतकं हसतखेळत मला कुणी खुळ्यात काढलं नव्हतं, म्हणून पाठवतीय. वाचून झाली की परत कर. मी नवी वही घातलीय, पण पहिली माझ्याजवळ पायजे.

लीलाबाई


पुणे
१५ जानेवारी २०२४

ती. आत्यास सा. न.

वही मागणारी तुझी तिन्ही कार्डं मिळाली. कामाच्या गडबडीत उत्तर राहिलं. वही एका विद्यार्थ्याकडे होती, मधे आमचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर हललं, त्यात ती कुठेतरी गेली. शोधतो आहे. खरं सांगायचं तर तिचा फार उपयोगही झाला नाही. सध्या एका मोठ्या कामात आहे, त्यामुळे लवकर पत्र लिहिणं जमणार नाही. बाबांना सांग, दिवाळीला येणं झालं नाही, पाडव्याला बघतो.

ऋषिराज


लासुर्णे
१२ ऑगस्ट २०२४

चि. ऋषिराज,

परवा बारामतीच्या कॉलेजात तुझं भाषण ऐकलं. श्रेया तिथंच शिकती हे तुला ठाऊक नसावं. तिनं घरी येऊन सांगितलं, "आजी, ऋषीकाका येणारेत, ढगांवर बोलणारेत." मी एस.टी.नं आले. पाचव्या रांगेत, मधल्या वाटेच्या कडंला बसले. कोट चांगला होता तुझा.

सुरवातीला पर्वतलाटा सांगितल्यास, मला पत्रात सांगितल्या त्याच शब्दांत. मग पडद्यावर दोन बेटं आली. मधले पट्टे पिवळ्या रेघांनी मोजून दाखवले. दोन, अडीच, तीन, साडेतीन. तू म्हणालास, "दोन बेटांमधला हा नियम आम्हाला प्रथमच आढळला." सभागृहानं टाळ्या वाजवल्या. श्रेयाचे हात मांडीवरच राहिले. ती माझ्याकडं बघत होती.

मी उभी राहिले. विचारलं, "डॉक्टर, हे अडीच आन् साडेतीन कुणी मोजलं?"

तू माझ्याकडं बघितलंस. चष्मा काढलास, पुसलास, परत लावलास. मग म्हणालास, "आमच्या टीमनं. आजी, प्रश्न आपण शेवटी घेऊ या."

आजी.

तू जन्मलास तवा सांगवीत तुझ्या आईजवळ मी होते. तुझी पहिली कुंची मी शिवली. मी आयुष्यात उसाच्या वजनात काटा मारणारे बघितले, बांध कोरणारे बघितले. बांध कोरणारा सकाळी दिसला की निदान राम राम घालतो. समोर बघून अनोळखी झालेला माणूस मी पहिल्यांदाच बघितला, आन् तो आमच्याच घरातला निघाला.

प्रश्न शेवटी घेतले न्हाईत. तुला गाडी गाठायची होती म्हणे.

वही सापडलेली दिसती.

लीलाबाई


पुणे
२ सप्टेंबर २०२४

ती. आत्या,

स्टेजवरचा प्रकाश डोळ्यांवर होता, मी ओळखलं नाही. भर सभेत उठून उलटतपासणी घेण्याआधी तूही थोडा विचार करायला हवा होतास.

आणि एक गोष्ट समजून घे. वही म्हणजे विज्ञान नव्हे. तू पाहिलंस, मी सिद्ध केलं. बेटांची उंची, वाऱ्याचा वेग, हवेच्या थरांचं तापमान, हे सगळं घेऊन त्या अडीच पट्ट्यांचं गणित मांडायला मला अकरा महिने लागले. तुझ्या तीन रकान्यांतून ते निघत नव्हतं. आकाशाकडे सगळेच बघतात, म्हणून सगळे शास्त्रज्ञ होत नाहीत.

तरी नातं आहे म्हणून, शोधनिबंधाच्या शेवटी आभारांच्या यादीत "एक स्थानिक निरीक्षक" असा उल्लेख करायला मी तयार आहे. यापेक्षा जास्त कुणीही केलं नसतं.

ऋषिराज


लासुर्णे
८ सप्टेंबर २०२४

स्थानिक म्हणजे कुठली? मी त्या बेटांवर राहत न्हाय.

तुझं गणित खरं असंल. अकरा महिने लागले असतील. त्यातलं मला कळत न्हाय आन् त्यावर मी बोलत न्हाय. पण ज्याला योगायोग म्हणालास, काचेवरचा दोष म्हणालास, त्यावर अकरा महिने बसायला तुला सांगितलं कुणी? माझ्या तीन रकान्यांनीच ना?

प्रकाश तुझ्या डोळ्यांवर नव्हता, मागं पडद्यावर होता. आभार नकोत. वही पाठव.

लीलाबाई


पुणे
१७ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास सा. न.

वही सोबत पाठवत आहे. ती हरवली नव्हती.

अडचण अशी आहे. छापण्याआधी निबंध दोन अनोळखी तज्ज्ञांकडे तपासायला जातो. त्यांनी तो परत पाठवला आहे. ते विचारतात, नोंदी कुणी केल्या, दिवसाच्या कोणत्या वेळी केल्या, एकाच माणसाने केल्या का. मला उत्तरं देता आली नाहीत. मुख्य प्रश्न पुढचा. ११ ते १९ नोव्हेंबर २०२२, सलग नऊ दिवस वहीत कोरे आहेत. बाकी एकही दिवस कोरा नाही. त्या दिवसांत ढग नव्हते का? पट्टे उठले नाहीत का? की नियमात न बसलेले दिवस कुणी मुद्दाम गाळले? असा त्यांना संशय आहे.

तातडीने कळव. उत्तराला महिन्याची मुदत आहे.

ऋषिराज


लासुर्णे
२२ फेब्रुवारी २०२५

चि. ऋषिराज,

एकाच बाईनं केल्या. रोज सकाळी साडेदहाला बसायचं, तीनच्या चहाला उठायचं. मधी जेवण.

नऊ दिवसांचं सांगते. पट्टे उठले असतील. बेटं जागेवर होती, वारंही असणार. बघणारं कुणी नव्हतं. त्या नऊ दिवसांत मी बारामतीच्या दवाखान्यात होते, तुझ्या बापाच्या खाटंशेजारी. जोतीरामला न्यूमोनिया झाला होता. तुझी आई गेल्यापासनं त्याच्याजवळ दुसरं कोण हाय? माझ्या ऑपरेशनला तीन महिने झाले होते. लोखंडी स्टुलावर बसून पाय भोपळ्यासारखा सुजला. फोन पिशवीत होता, पण बेटं बघायचं सुचलं न्हाय.

तुला मी पहिल्याच दिवशी कळवलं होतं. तू म्हणालास, कार्यशाळा आहे, परदेशी पाव्हणे आलेत. आठव्या दिवशी आलास. दीड तास बसलास, त्यातला पाऊण तास बाहेर व्हरांड्यात फोनवर. तू गेल्यावर जोतीरामनं नर्सबाईला सांगितलं, "आमचा पोरगा ढगांचा डॉक्टर हाय, त्याला सवड नसती." नर्सबाई हसली न्हाय. मलाही हसू आलं न्हाय.

त्या तारखा तुला बघूनही आठवल्या न्हाईत. दोन वर्षं वही तुझ्या टेबलावर होती.

आता हे तुमच्या तपासणाऱ्यांना लिहायचं तर लिही, गाळायचं तर गाळ.

लीलाबाई

ता. क. जोतीराम आता काठीनं चालतो. विचारलं न्हाईस म्हणून सांगितलं.


पुणे
१८ मार्च २०२५

ती. लीलाआत्यास साष्टांग नमस्कार.

तपासणाऱ्यांना मी एकच वाक्य लिहिलं: "या काळात निरीक्षक आजारी भावाच्या शुश्रूषेसाठी रुग्णालयात होत्या." त्यांना ते पटलं. मला ते लिहायला एक अख्खा दिवस लागला. कारण भावाचं नाव लिहावं का, आणि तो माझा कोण, हे सांगावं का, ते ठरत नव्हतं. शेवटी नाही लिहिलं.

शनिवारी सांगवीला गेलो. बाबा अंगणात शेंगा निवडत बसले होते. मला पाहून म्हणाले, "आज मीटिंग न्हाय व्हय?" मी दोन दिवस राहिलो. त्यांना डाव्या कानाने ऐकू येत नाही, हे मला माहीत नव्हतं. कधीपासून, विचारलं, तर म्हणाले, "असंल झाली चार वर्षं. फोनवर मी उजवा कान लावतो."

प्रकाश डोळ्यांवर नव्हता. तू उभी राहिलीस तेव्हाच मी तुला ओळखलं होतं. पहिल्या रांगेत प्राचार्य होते, वर्तमानपत्राचा माणूस होता. तेवढ्यासाठी.

निबंधावर दोन नावं असतील. तुझं पहिलं, माझं दुसरं. पूर्ण नाव कसं लिहू ते कळव.

तुझा,
ऋषिराज


लासुर्णे
२५ मार्च २०२५

चि. ऋषिराजला आशीर्वाद.

लीलाबाई हिंदुराव, मग आडनाव, असं लिही. नवऱ्याचं नाव मधी राहू दे. ते असते तर त्यांनीही मला खुळी म्हणलं असतं, पण तोंडावर म्हणलं असतं.

पहिलं नाव दिलंस म्हणून मी विरघळंन असं समजू नकोस. चोरलेलं परत ठेवलं तर त्याला दान म्हणत न्हाईत. सांगवीला गेलास ते मात्र बरं केलंस. जोतीरामनं मला फोन करून सांगितलं, पोरगं दोन दिवस होतं, भांडी घासली, चांगली घासता येत न्हाईत.

लीलाबाई


लासुर्णे
३० नोव्हेंबर २०२५

चि. ऋषिराजला आशीर्वाद.

छापलेला निबंध पोचला. सगळा इंग्रजीत. श्रेयानं तीन दुपारी बसून मला मराठीत सांगितला. गणिताची पानं नुसती उलटली. त्यांच्यावर माझा विश्वास हाय, कारण मला दुसरा इलाज न्हाय. जोतीराम आला होता. त्यानं माझ्या नावावर बोट ठेवून विचारलं, "हीच का तू?" म्हणलं, "हीच." युवराजनं गावात चौघांना दाखवलं. चारीवरनं मला घरी न्यायला आलेला हाच.

आता कामाचं.

अडीच आन् साडेतीन पट्ट्यांचे दिवस माझ्या वहीत एक्केचाळीस हायेत. तुझ्या तक्त्यात चाळीस छापलेत. मी दोनदा मोजले, श्रेयानं एकदा. ७ जानेवारी २०२३ गाळलाय. त्या दिवशी मधी अडीच पट्टे होते आन् धाकट्यापलीकडं ते मेले न्हाईत. चांगले ठळक, लांबपतोर चालत गेले. तुला वाटलं असंल, म्हातारीची मोजण्यात गफलत झाली. गफलत न्हाय. फोटो माझ्याकडं हाय, श्रेयानं तो त्याच दिवशी साठवून ठेवला होता. वाटलंच होतं तर मला विचारायचं होतंस. आता माझा पत्ता तुला म्हाईत हाय.

त्या दिवशी ते का मेले न्हाईत, मला सांगता येत न्हाय. तुझ्या गणितालाही येत नसणार, म्हणून तर गाळलास. तपासणाऱ्यांनी नेमका हाच संशय घेतला होता, आन् तवा आपण काही गाळलेलं न्हाय असं त्यांना पटवलं होतं.

पहिल्यांदा तू वही उचललीस तवा पाप सगळं तुझं होतं. मी हितं बसून तुला नावं ठेवायची, त्यात मला सुख होतं, खोटं कशाला बोलू. आता तसं न्हाय. वर माझं नाव हाय, तुझ्या आधी. उद्या कुणी परदेशातनं विचारलं की हा दिवस कुठं गेला, तर आधी मला विचारतील, आन् मला सांगावं लागंल की आम्ही तो लपवला. आम्ही.

छापणाऱ्यांना आजच लिही. चाळीस न्हाय, एक्केचाळीस. त्यातला एक नियमात बसत न्हाय आन् का बसत न्हाय ते आम्हाला कळलेलं न्हाय. शेवटचं वाक्य गोल करून लिहू नकोस. इंग्रजीत ते सरळ कसं लिहायचं हे तुला जमत नसंल तर श्रेयाला विचार, तिला जमतं.

लीलाबाई